काचेवर सोन्याचा वर्ख : टॉर्कीचा डेव्हिड स्मिथ आणि आमच्या घरातली उलटी अक्षरं

शिरोरेषा | शनिवार, रात्री १०:४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

आधी घरचं सांगते म्हणजे मी यात का पडले ते कळेल. माझे बाबा मिरजेला पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, मंडळांचे कापडी बॅनर, ट्रकच्या मागची अक्षरं सगळं करायचे, पण त्यांचा जीव काचेवर. वकील, डॉक्टर, सीए यांच्या केबिनच्या काचेवर नाव लिहायचं असलं की लोक बाबांना शोधत यायचे. काचेवर आतल्या बाजूने लिहितात म्हणजे पाऊस, धूळ, हात काही लागत नाही, आणि म्हणून सगळं उलटं लिहावं लागतं. आता देवनागरी उलटं लिहायचं म्हणजे काय ते करून बघा. पहिली वेलांटी उलटी केली की ती दुसरीसारखी दिसते आणि दुसरी पहिलीसारखी, त्यामुळे 'मिरज' लिहिताना डोळ्यांना सारखं 'मीरज' दिसत राहतं आणि हात तिकडेच पळतो. बाबा काचेपुढे एक आरसा ठेवायचे आणि दर दोन अक्षरांनी मान वर करून बघायचे.

सोनेरी अक्षरं ते ब्राँझ पावडर वार्निशमध्ये कालवून करायचे. नवीन असताना झळझळीत, आणि चार-पाच वर्षांत चहाच्या डागासारखी तपकिरी. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. हे काम भावाला शिकवायचा त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला, भावाला आवडच नव्हती. मी कोपऱ्यात बसून ब्रश धुवायचे. मला कुणी शिक म्हटलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही.

तर मागच्या वर्षी यूट्यूबवर डेव्हिड ॲड्रियन स्मिथ या कलाकारावरची एक छोटी फिल्म बघितली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डेव्हन परगण्यात टॉर्की नावाचं गाव आहे, तिथला हा माणूस. शाळा सुटल्यावर साध्या साइनरायटिंगच्या कामात उमेदवारी केली, म्हणजे आमच्या बाबांसारखाच पेंटर. पुढे तो काचेमागून सोन्याचा वर्ख लावायच्या जुन्या व्हिक्टोरियन कामाकडे वळला आणि त्यात इतका खोल गेला की आज हे काम म्हटलं की जगभर त्याचं नाव घेतात. जॉन मेयर या अमेरिकन गायकाच्या २०१२ च्या 'बॉर्न अँड रेझ्ड' अल्बमचं कव्हर त्याचंच आहे. नेटवर बघा, एकेका अक्षराला पाच-पाच रेघांची किनार आहे, वेलबुट्टी आहे, आणि सगळं हाताने आखलेलं.

मी ती फिल्म तीन वेळा बघितली आणि तिसऱ्या वेळी रडले. बाबांना हे बघायला मिळालं असतं तर, एवढंच सारखं वाटत होतं.

मग ठरवलं की करून बघायचं. आधी काच धुवायची, म्हणजे नुसती पुसायची नाही, खडूच्या पुडीने घासून तेलाचा कण न ठेवता. मग चिकटवायला काय, तर जवळजवळ नुसतं पाणीच! अर्धा लिटर गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये जिलेटिनची एक रिकामी कॅप्सूल विरघळवायची, बास. ते पाणी काचेवर वाहतं सोडायचं आणि त्यावर वर्ख लावायचा. वर्ख पुस्तकात येतो, पंचवीस पानं, साधारण आठ सेंटीमीटर चौकोन, साडेतेवीस कॅरेट. बोटाने उचलला की बोटालाच लागून संपतो, म्हणून खारीच्या केसांचा एक रुंद चपटा ब्रश असतो, तो आधी गालावरून फिरवायचा म्हणजे त्वचेचं जरासं तेल लागतं आणि त्यावर वर्ख चिकटून उचलला जातो. आणि मग जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. ब्रश ओल्या काचेजवळ नेला, अजून बोटभर अंतर होतं, आणि वर्खाने अक्षरशः उडी मारली. ब्रशवर होता तो काचेवर गेला. माझ्या तोंडून आवाज निघाला इतकी दचकले.

ओला असताना तो सुरकुतलेला, मळकट दिसतो. पंखा बंद करून मी समोर बसून राहिले. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी वाळत गेलं तसा कडेकडेने उजेड पसरत आला, सुरकुत्या आपोआप ताणल्या गेल्या आणि काच पलटून बघितली तर त्यात माझा चेहरा दिसत होता, सोन्यात.

यानंतर मागून ब्लॅक जपानने, म्हणजे एका काळ्या वार्निशने, उलटी अक्षरं लिहायची आणि रंग वाळला की बाकीचं सोनं ओल्या कापसाने पुसून टाकायचं. काळ्याखाली दबलेलं तेवढं राहतं. इथेच माझा घोळ झाला, पुसताना अक्षरांच्या कडा पण निघाल्या. शिवाय सोन्यात ढगासारखा पांढुरका पट्टा दिसतोय. कुणाला यातलं माहीत असेल तर सांगा. आणि आपल्याकडे काचेवर खरं सोनं कुणी लावायचं का, तेही सांगा.

---

सावंतकाका_डोंबिवली | रविवार, सकाळी ७:१५

ताई, सकाळी चहा घेताना वाचलं, चहा गार झाला. मी पस्तीस वर्षं मुंबईत हेच काम केलं, आता डोळे अधू झालेत.

आधी तुझा प्रश्न. पांढुरका पट्टा म्हणजे जिलेटिन जास्त झालं किंवा काच तेलकट राहिली. वर्ख पूर्ण वाळल्यावर गरम पाणी, उकळतं नको, वरून एकसारखं सोडायचं. जास्तीचं जिलेटिन निघून जातं आणि सोनं आणखी चकाकतं. मग दुसरा थर लाव, कारण पहिल्या थरात बारीक भोकं राहतातच, काच उजेडाला धर म्हणजे दिसतील. कडा निघाल्या कारण तू ब्लॅक जपान कच्चं असताना पुसलंस. एक रात्र पूर्ण जाऊ दे, आणि पुसताना कापसाला पाणी आणि चिमूटभर व्हायटिंग, म्हणजे खडूची पूड, जोर बिलकुल नको.

खरं सोनं लावायचे का विचारलंस. आमच्या लालबागच्या उस्तादांनी लावलेलं मी डोळ्याने बघितलंय. मोठ्या कंपन्यांची ऑफिसं, सॉलिसिटर लोक, जुनी औषधाची दुकानं असली गिऱ्हाइकं होती. ते वर्ख लावायचं पाणी मात्र रात्री घरी बनवून आणायचे, बाटलीला कापड गुंडाळून, आम्हा पोरांना वास पण घेऊ द्यायचे नाहीत. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली राहिलो. ते गेले आणि पाणी त्यांच्याबरोबर गेलं. पुढे किती वर्षांनी भाऊच्या धक्क्यावरच्या एका कोळणीने सहज सांगितलं की तुझे उस्ताद माझ्याकडून घोळ माशाचं भोत न्यायचे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. भोत सुकवून उकळलं की अगदी स्वच्छ सरस निघतो, साहेब लोक त्याला इसिंग्लास म्हणायचे आणि विलायतेत जुने लोक काचेवर वर्ख त्यानेच लावायचे. पण मला कळलं तोपर्यंत फ्लेक्स आला होता, काचेवर सोनं मागणारं कुणी राहिलं नव्हतं.

---

शिरोरेषा | रविवार, सकाळी ९:०२

काका, वाचून अंगावर काटा आला. बारा वर्षं! आजच गरम पाणी सोडून बघते. तुम्ही हे इतकं सहज सांगून टाकलंत, खूप खूप आभार.

---

मीनल_ब्रिस्टल | रविवार, दुपारी ४:३०

मी टॉर्कीपासून दोन-अडीच तासांवर राहते. हे काम इथे कुठे बघायला मिळतं ते सांगते कारण फोटोत त्याची मजा दहा टक्के पण येत नाही. लंडनला आलात तर हॉबर्नमधला प्रिन्सेस लुईस नावाचा पब बघा, आतली सजावट १८९१ ची आहे. पबमध्ये जात नसाल तरी पाणी प्यायला म्हणून जा. दोन्ही बाजूंना उंच आरसे, त्यावर ॲसिडने कोरलेली आणि सोन्याने भरलेली वेलबुट्टी, आणि संध्याकाळी दिवे लागले की ते सोनं हलल्यासारखं वाटतं. तेव्हा गॅसचे दिवे होते, कमी उजेडात दुकान उठून दिसावं म्हणून हे सगळं सुचलं असणार असं मला तिथे बसून वाटलं.

असे हजारो पब आणि दुकानं होती. काही बाँबहल्ल्यात गेली, पण त्याहून जास्त नंतर लोकांनीच जुनाट म्हणून काढून टाकली, प्लास्टिक आलं, आणि १९८० च्या दशकात विनाइलची अक्षरं कापणारी मशिनं आली तेव्हा साइनरायटरचं कामच संपलं. स्मिथ नेमका त्याच काळात हे काम शिकत होता, हे लक्षात घ्या. बाकीचे मशीन घेत होते तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीचे तुकडे गोळा करून, हे कसं केलं असेल म्हणून उलगडत बसला होता.

त्याच्या कामात एक प्रकार असतो, बर्फाच्या नक्षीसारखी किंवा नेच्याच्या पानासारखी काच. ती कोरलेली नसते. काच आधी खरबरीत करतात, त्यावर जनावरांच्या कातड्यापासूनचा सरस गरम करून जाड ओततात आणि वाळवतात. सरस वाळताना आक्रसतो आणि काचेला इतका घट्ट धरून असतो की काचेचा वरचा पापुद्राच ओरबाडून वर येतो. मी एका कार्यशाळेत बघितलंय, रात्रभर टिक टिक आवाज येत राहतो आणि सकाळी टेबलावर काचेच्या कपच्या पडलेल्या असतात. मागून सोनं लावलं की प्रत्येक पान वेगळं चमकतं. डोळ्यांना गॉगल मात्र लावायचाच.

---

केमिकल_कुलकर्णी | रविवार, रात्री ८:४५

दोन गोष्टी. पहिली म्हणजे वर्ख का चकाकतो. हा वर्ख मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. पाणी वाळताना तो काचेकडे ओढला जातो, आणि काचेचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की सोन्याला वेगळी झिलई करावी लागत नाही, काचच ती देते. तेलाच्या किंवा वार्निशच्या चिकटीवर लावला की मधे तो थर दिसतो आणि सोनं मंद दिसतं. जुने कारागीर दोन्ही मुद्दाम वापरायचे, अक्षराची कड पाण्यावरची लखलखीत आणि पोट वार्निशवरचं मंद. आणि वर्ख उजेडासमोर धरून पलीकडे बघा, हिरवट दिसेल. सोनं पिवळा-तांबडा प्रकाश परतवतं, हिरवा-निळा थोडा आरपार जातो.

दुसरी गोष्ट हात जोडून सांगतो. मीनलताईंनी ॲसिड म्हटलं ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड. कुणीही घरी याच्या वाटेला जाऊ नका. पातळ असेल तर लागल्याचं कळत पण नाही, तासांनी दुखायला लागतं, तोवर आत शिरून शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडापर्यंत जातं, हृदय बंद पडू शकतं. आमच्या लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडत नाही. वर्ख आणि जिलेटिन मात्र बिनधास्त करा.

---

माळव्यातली_मंजिरी | सोमवार, दुपारी १:१०

मी इंदूरची, माहेर रतलामचं. काचेवर सोनं म्हटल्यावर थेवा आठवणारच! रतलामहून राजस्थानात शिरलं की प्रतापगड लागतं, तिथल्या सोनी घराण्याची ही कला, अठराव्या शतकापासूनची. सोन्याचा पत्रा राळेवर बसवतात आणि बारीक हत्यारांनी त्यात शिकार, हत्ती, रासलीला कोरून नको तो भाग काढतात, म्हणजे सोन्याची जाळीच. ती लाल, हिरव्या, निळ्या काचेवर ठेवून तापवून एकजीव करतात. मागे चांदीचा पातळ पत्रा असतो त्यामुळे काच पाचू-माणकासारखी पेटते. आजीकडे हिरव्या थेव्याचं पेंडंट होतं, त्यात नखाएवढ्या जागेत राधाकृष्ण, झाड, आणि झाडावर दोन मोर.

महेश राज सोनी यांना २०१५ ला पद्मश्री मिळाली. पण सावंतकाकांचं वाचून मला हेच म्हणायचं होतं की थेवा पण असाच कुलूपबंद होता. घरातल्या मुलाला शिकवायचं, मुलीला नाही, कारण ती लग्न होऊन दुसऱ्या घरी जाईल आणि विद्या बरोबर नेईल. शिरोरेषाताई, तुमचं ब्रश धुवायचं वाचलं आणि तेच आठवलं.

---

जर्सीचा_जोशी | सोमवार, रात्री ११:५५

न्यूयॉर्कच्या मेट म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये झाँ द्यूपास या फ्रेंच चित्रकाराचा एक भिंतभर काचेचा चित्रफलक आहे, नौकानयनाचा इतिहास असा विषय, नॉर्मंडी या फ्रेंच जहाजाच्या दिवाणखान्यासाठी १९३४ ला केलेला, सगळा काचेच्या मागून रंग आणि सोन्या-चांदीचे वर्ख लावून. जहाज १९४२ ला न्यूयॉर्कच्याच धक्क्यावर आगीत गेलं, काचा आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. मी अर्धा तास समोर उभा होतो.

---

तंजावरकर_बाळ | मंगळवार, सकाळी १०:२०

आपल्याकडे म्हणाल तर तंजावर विसरू नका. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेले, अजून घरात आमची ती मराठी बोलतो. सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२, तंजावरला काचचित्रं जोरात होती. लाकडी पाटावरच्या तंजावर चित्रासारखी नक्षी उठावाची नसते, काचेच्या मागे सपाट रंग आणि दागिन्यांच्या जागी सोनेरी पत्री, म्हणजे पातळ पत्रा. आमच्या देवघरात लोणीकृष्ण आहे, पणतीच्या उजेडात फक्त त्याची पत्रीच दिसते. पुण्यात केळकर संग्रहालयात पण काचचित्रं आहेत ती जरूर बघा. काचेवर आधी दागिना, मग कपडा, मग अंग आणि शेवटी मागचं आभाळ असा क्रम, पाटावरच्या चित्राच्या बरोब्बर उलट. डोळ्याची बाहुली पण सुरुवातीलाच काढायची, आणि चुकली तर वरून रंग देऊन झाकता येत नाही.

---

निळाई | मंगळवार, दुपारी २:४०

मी हे फार जुनं वाचलेलं इथे जोडते. रोमच्या भुयारी कबरींमध्ये चौथ्या शतकातल्या काचा सापडल्यात, दोन काचांच्या मधे सोन्याचा वर्ख, त्यावर सुईने कोरलेले नवरा-बायकोचे चेहरे. त्या कबरीच्या गिलाव्यात दाबून बसवायचे. पुढे १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने अंड्याच्या पांढऱ्याने काचेवर वर्ख लावून सुईने चित्र काढायची कृती लिहून ठेवली. आणि या कामाला 'व्हेर एग्लोमिझे' हे नाव पडलं ते अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या ग्लोमी नावाच्या फ्रेमवाल्यावरून.

एक प्रश्न मनापासून विचारते, राग मानू नका. स्मिथ हे काम करतो ते व्हिस्कीच्या कंपन्या, श्रीमंत गायक यांच्यासाठी. गल्लीतल्या दुकानदाराला ते परवडत नाही. मग कला जिवंत झाली म्हणायचं का?

---

शिरोरेषा | मंगळवार, रात्री ९:३०

निळाई, राग कसला, मी पण यावर खूप विचार केलाय. मला वाटतं हो, झाली. सांगते का ते.

स्मिथ हे एकट्याने शिकला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रिक ग्लॉसन नावाचा काचेवर वर्ख लावणारा जुना जाणकार होता. तिकडे १९७० च्या दशकात डेन्व्हरमधल्या काही उमेदवार पेंटर पोरांनी लेटरहेड्स नावाने एकत्र जमायला सुरुवात केली. नियम एकच, येताना जे येतं ते सगळ्यांना दाखवायचं. तोवर तिकडे पण आपल्यासारखंच होतं, जुने लोक पाठ फिरवून काम करायचे म्हणजे पोराला दिसू नये. ग्लॉसन त्या वर्तुळातला, त्याने जुन्या कृती शोधून काढल्या आणि विचारेल त्याला दिल्या. स्मिथला त्याच्याकडून मिळालं, आणि स्मिथ टॉर्कीत लोकांना शिकवतो. त्याच्याकडे शिकलेले कुठे कुठे जाऊन बेकरीच्या काचेवर, न्हाव्याच्या दुकानावर सोनं लावतायत. व्हिस्कीच्या पैशावर हे चालत असेल तर चालू दे की. माझ्या बाबांना चार वर्षांत तपकिरी होणारं सोनं लावावं लागलं ते पैसे नव्हते म्हणून तर होतंच, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की एक कॅप्सूल आणि अर्धा लिटर पाणी पुरतं. एवढंच होतं हो ते. एवढ्यासाठी काकांच्या उस्तादांनी बाटलीला कापड गुंडाळलं.

मंजिरी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. बाबा वाईट नव्हते, प्रेमळच होते. त्यांना सुचलंच नाही, आणि मला आता वाटतं मी मागायला हवं होतं.

---

सावंतकाका_डोंबिवली | बुधवार, सकाळी ६:५०

उस्तादांना दोष देत नाही मी. त्यांना सहा पोरं, आणि ते पाणी हीच त्यांची जमीन होती, तीच वाटून टाकली तर खायचं काय ही भीती. पण तू म्हणतेस ते खरं आहे.

ताई, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठव. माझ्याकडे वर्खाची कातडी गादी, सुरी आणि दोन खारीचे ब्रश पडून आहेत. मला आता वर्ख उचलता येत नाही, हात थरथरतो.

---

शिरोरेषा | पुढचा शनिवार, रात्री १०:१५

अपडेट देते. गरम पाणी सोडलं, पट्टा गेला! दुसरा थर लावला, ब्लॅक जपान दोन रात्री वाळू दिलं. कागदावर अक्षरं आखून रेघेवरून सुईने भोकं पाडली आणि त्यावरून खडूची पुरचुंडी आपटून काचेवर ठिपके उतरवले. लहानपणी आई उदबत्तीने वर्तमानपत्राला भोकं पाडून रांगोळीचे ठिपके काढायची तसंच, त्यामुळे हात आपोआप बसला. काच आठ इंच बाय बारा, त्यावर बाबांचं नाव आणि खाली 'पेंटर, मिरज' एवढंच. कडा या वेळी राहिल्या. एका ठिकाणी शिरोरेषेला बारीक ओरखडा आहे, तो ठेवलाय.

काकांचा डबा कालच पोचला. ब्रशच्या दांड्यावर कुणाची तरी बोटं घासून खळगा पडलाय, माझा अंगठा त्यात बरोबर बसतो. आई म्हणतेय बोर्ड घराच्या दाराला लावू, भाऊ म्हणतोय मला पण एक करून दे. उद्या दुसरी काच धुणार आहे.

---

सावंतकाका_डोंबिवली | शनिवार, रात्री १०:३२

फोटो मोठा करून बघितला. छान उतरलंय. दुसऱ्या काचेला घाई नको, पावसाळी हवेत पाणी उशिरा वाळतं, पंखा लावू नको. आणि वर्ख पुसायच्या आधी आरशात एकदा वेलांटी बघून घे.